एकदाचं पाडा ते हॉटेल

किनारारस्त्यावरचं जुनं हॉटेल पाडून तिथं नवी इमारत उभी करायची, अशी बातमी फुटली आणि गावात त्या हॉटेलवर जीव टाकणाऱ्यांचं पेवच फुटलं. इतकी वर्षं ज्यांनी त्या बाजूला मान वळवून पाहिलं नव्हतं, त्यांच्या घशाखाली आता घास उतरेना. कुणाच्या मामाचं लग्न तिथं झालं होतं, कुणी तिथं पहिल्यांदा काट्याचमच्याने जेवताना स्वतःच्या ओठाला टोचून घेतलं होतं. एकजण तर म्हणाला, मी त्या हॉटेलच्या पायऱ्यांवर चालायला शिकलो. त्याची आई अजून जिवंत होती. ती म्हणाली, हा शिकला तो आजोळी, इथून दोन दिवसांच्या वाटेवर.

हे सगळं धाकटी समोरच्या लाँड्रीतून बघत होती आणि तिच्या नाकपुड्या फुलत होत्या.

धाकटी म्हणजे वयाने धाकटी नव्हे. पन्नाशी मागे टाकून तिला बरेच दिवस झाले होते, गुडघे कुरकुरायला लागले होते. पण ती या घरात आली ती धाकट्या मुलाची बायको म्हणून, आणि काही नावं शाईच्या डागासारखी असतात, कितीही घासा, जात नाहीत. घरचे धाकटी म्हणत म्हणून गिऱ्हाईकंही म्हणायला लागली. सासऱ्यांनी काढलेली लाँड्री ती आणि तिचा नवरा चालवत. नवरा मागच्या खोलीत धुण्याची यंत्रं सांभाळायचा, ती पुढे इस्त्रीच्या टेबलाशी. नवरा कमी बोलायचा. त्याच्या वाटणीचंही तीच बोलून टाकायची.

एके काळी ही लाँड्री त्या हॉटेलच्या जिवावर चालली होती. चादरी, उशांचे अभ्रे, टेबलावरची लांबलचक पांढरी कापडं, गाठोडीच्या गाठोडी रोज रस्ता ओलांडून यायची. मग समुद्रावर येणारी माणसं दुसऱ्या समुद्रांवर जायला लागली. हॉटेलने आधी वरचा मजला बंद केला, मग मधला, मग दार. त्याच्यामागून रस्ता गेला. चपलांचं दुकान, फोटो स्टुडिओ, वाद्यांचं दुकान, मिठाईवाला, एकेकाने शटर ओढलं ते पुन्हा वर केलंच नाही. आता अख्ख्या किनारारस्त्यावर उघडी राहिली होती ती ही लाँड्री, एक औषधांचं दुकान, एक किल्ल्या बनवणारा आणि एक चहावाला, ज्याचा चहा तो स्वतःही पीत नसे.

हॉटेलात कबुतरं राहत होती. गेल्या हिवाळ्यात वरच्या सज्जाचा कठडा फुटपाथवर कोसळला. नगरपालिकेने तत्परता दाखवली, म्हणजे एक दोरी बांधली आणि तिला ‘धोका’ अशी पाटी लटकवली. आठवड्याभरात कुणीतरी दोरी चोरून नेली. पाटी तेवढी राहिली. ती कुणाच्या कामाची नव्हती.

तर अशा या हॉटेलला वाचवायला जी समिती निघाली, तिचे अध्यक्ष झाले धाकटीचे थोरले दीर. विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशीचे, भारदस्त आवाजाचे. समोरचा माणूस खुर्चीत बसला असला तरी त्याला उभं राहून ऐकावंसं वाटावं, असं बोलायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी गाव सोडून डोंगरावरच्या नव्या वसाहतीत घर बांधलं होतं. खाली फारसे उतरत नसत. दुरून डोंगर साजरे असं लोक म्हणतात. भाऊजींना डोंगरावरून गाव साजरं दिसायचं.

समितीच्या मोर्चाच्या आदल्या दिवशी दुपारी ते कापडाची मोठी घडी काखेत मारून लाँड्रीत आले.

“धाकटे, एवढ्यावर जरा इस्त्री फिरव. उद्या सकाळी लागणार आहे.”

तिने घडी टेबलावर उलगडली. लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमचं हॉटेल, आमचा आत्मा’.

“तो आत्मा चुरगळलाय बघ,” भाऊजी म्हणाले. “दुरून नीट वाचता येत नाही.”

“आत्म्यावर गरम इस्त्री चालते का? नाही, कापड कुठलं ते बघून विचारते. जळला तर माझ्या नावाने ओरडाल.”

“थट्टेचा विषय नाही हा.”

“भाऊजी, एक विचारू? तुम्ही त्या हॉटेलात शेवटचं कधी गेला होतात?”

“प्रश्न तो नाहीये.”

“मग कोणता आहे?”

“प्रश्न आहे गावाच्या ओळखीचा.” भाऊजींनी हात पाठीमागे बांधले. म्हणजे आता मोठं वाक्य येणार. “ज्या गावाला आपला भूतकाळ सांभाळता येत नाही, त्या गावाला भविष्य...”

“ते उद्या मोर्चात बोला. इथं आम्ही दोघंच आहोत.” तिने इस्त्री उचलली. “शेवटी शेवटी त्या हॉटेलातून ज्या चादरी यायच्या ना, त्यांना माणसाचा वास नसायचा. कुबट यायच्या. कुणी झोपायचंच नाही त्यांच्यावर. नुसत्या अंथरल्या जायच्या, दमट व्हायच्या आणि माझ्याकडे परत. मी धुवायचे, परत पाठवायचे. मेलेल्याला रोज आंघोळ घातल्यासारखं. तेव्हा कुठे होता हो हा आत्मा?”

“त्या हॉटेलच्या मोठ्या दालनात मी तुझ्या जाऊबाईंना पहिल्यांदा पाहिलं,” भाऊजी गंभीरपणे म्हणाले.

“बघितलंत ना? आता त्या घरी असतात. तिथे बघा.”

मागच्या खोलीतून नवरा खाकरला. त्याचं खाकरणं म्हणजे, पुरे, दादा आहे तो. धाकटीने ओठ मिटले आणि अख्खा फलक कडक इस्त्री करून दिला. आत्म्यावर एक सुरकुती राहू दिली नाही. उगाच उद्या म्हणायला नको, विरोधक होती म्हणून काम वाईट केलं.

भाऊजी गेल्यावर ती दारात उभी राहिली. त्यांची गाडी हमरस्त्याच्या दिशेने वळली. तिकडे तो मोठा बाजार होता, सगळं एका छताखाली मिळणारा. गावाच्या ओळखीसाठी लढणारी ही माणसं साबणाची वडीसुद्धा गावात घेत नव्हती. हॉटेल वाचलं पाहिजे, रस्ता वाचला पाहिजे, पण त्या रस्त्यावरून चालायचं मात्र दुसऱ्या कुणीतरी. हिला हे असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणावंसं वाटत होतं, पण रस्त्यावर ऐकायला कुणी नव्हतं.

बिल्डरने आपलं दुकान मांडलं ते जुन्या फोटो स्टुडिओत. काचेमागे नव्या इमारतीचं मॉडेल ठेवलं होतं. हिरव्या स्पंजची झाडं, निळ्या प्लॅस्टिकचा समुद्र आणि बोटभर उंचीची माणसं. खाली दुकानं, वर हॉटेलच्या खोल्या, त्यावर राहायची घरं, एका कोपऱ्यात दवाखाना. धाकटी एकदा दुपारची तिथं गेली. तिने कमरेत वाकून त्या बोटभर माणसांकडे नीट पाहिलं. सगळी तरुण, सगळी सडपातळ, एकाच्याही हातात पिशवी नाही. सगळी हात हलवत चालली होती. इतकी मोकळी माणसं तिने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

आत एक चकचकीत बुटांचा माणूस होता. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती समोरच्या लाँड्रीची आहे आणि हॉटेल पाडायच्या बाजूची आहे हे कळल्यावर तो इतका खुलला, जणू हिच्यासाठीच ते दुकान उघडून बसला होता.

“मॅडम, तुम्हीच हव्या होतात आम्हाला! आमच्या पोस्टरवर तुमचा फोटो लावू. या मातीतली लेक, जिनं पिढ्यान्‌पिढ्या या किनाऱ्यावर...”

“मी या मातीतली नाही. लग्न करून आले. आणि पिढ्या दोनच.”

“चालेल, मॅडम. भावना महत्त्वाची.”

“बरं, ते राहू दे. हॉटेलच्या खोल्या किती आहेत ते लिहिलंय. त्यांच्या चादरी कोण धुणार?”

त्याने हसून मॉडेलच्या तळाशी बोट ठेवलं. “त्याची काळजीच नको. तळघरात आमची स्वतःची अत्याधुनिक यंत्रं असणार.”

“म्हणजे माझ्याकडे काही येणार नाही.”

“थेट नाही. पण वातावरण बदलेल, मॅडम. सगळं वातावरण!”

धाकटीने पाणी पिऊन पेला ठेवला. हा एक आणि ते भाऊजी एक. एक मागच्या हवेवर जगायला सांगतो, दुसरा पुढच्या. पोस्टरवर फोटो लावायला तिने साफ नकार दिला. वर त्याला सांगितलं की त्या माणसांच्या हातात निदान पिशव्या तरी द्या, दुकानं काढताय ना?

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो यंत्राची चाळणी साफ करत होता. चाळणी झटकून त्याने जागेवर बसवली.

“मग आपणही विरोध करायचा का?” शेवटी त्याने विचारलं.

“का म्हणून?”

“आपल्याला काही मिळणार नाही ना त्यातून.”

“मी पडले होते आठवतंय?” ती म्हणाली.

त्याला आठवत होतं. पाऊस पडून गेला होता, दुकानासमोरची फरशी ओली होती, आणि ती दुकानाची पाटी पुसायला गेली ती घसरून उताणी पडली. पाय मुरगळला होता, उठता येईना. मागच्या खोलीत यंत्रांच्या आवाजात नवऱ्याला हाक ऐकू गेली नाही. भर दुपारी, गावाच्या मुख्य रस्त्यावर ती आकाशाकडे बघत पडून राहिली आणि तेवढ्या वेळात समोरून एक माणूस गेला नाही. एक कबुतर तेवढं आलं, तिच्याभोवती फिरलं, आणि काही खायला नाही असं बघून गेलं. यंत्र थांबलं तेव्हा नवरा बाहेर आला.

“मला चादरी नकोत,” ती म्हणाली. “रस्त्यावर माणूस पडलं तर बघून हसायला तरी कुणी असावं. तेवढ्यासाठी मी जनसुनावणीत त्या चकचकीत बुटांच्या बाजूने हात वर करणार आहे. तुला दादाची भीती वाटत असेल तर तू येऊ नकोस.”

तो आला. मागच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची पकडून बसला.

जनसुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. सभागृह खच्चून भरलं होतं. किनारारस्त्यावर वर्षभरात जितकी माणसं फिरकली नसतील तितकी त्या रस्त्याच्या प्रेमापोटी इथे बसली होती. आधी बिल्डरचा माणूस बोलला. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली, लोकांनी हुर्यो केली. मग भाऊजी उठले. ते हॉटेलच्या झुंबरांबद्दल बोलले, खिडक्यांतून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याबद्दल बोलले, दालनातल्या वाद्यवृंदाबद्दल बोलले. आवाज योग्य जागी भरून आला. औषधांच्या दुकानदाराने डोळे पुसले. हाच दुकानदार त्या इमारतीतल्या उंदरांवर औषध विकून दोन पैसे मिळवत होता, हे धाकटीला ठाऊक होतं.

मग तिची पाळी आली. तिने काय काय बोलायचं ते घरी ठरवलं होतं. शांतपणे सांगायचं, दुकानं कशी बंद पडली, रस्ता कसा ओस पडला. पण माइकसमोर उभी राहिली आणि समोरचे सगळे ओले डोळे बघून तिचं डोकं फिरलं.

“रडता कसले?” ती म्हणाली. “तुमच्यापैकी एकाने तरी गेल्या महिन्यात त्या रस्त्यावर काही विकत घेतलंय का? हात वर करा! नाही ना? आवडत्या म्हातारीला कोपऱ्यातल्या खोलीत टाकायचं, वर्षभर तोंड दाखवायचं नाही आणि ती गेली की ऊर बडवायचा, त्यातली गत तुमची. हे औषधवाले रडतायत. उंदीर गेले की यांचा धंदा बसेल, रडणारच! आणि नगराध्यक्ष, तुम्ही हसू नका, तुमची ती दोरी कुठे आहे? जी नगरपालिका एक दोरी सांभाळू शकत नाही, ती वारसा काय सांभाळणार? आणि हे आमचे भाऊजी...”

इथे माइक बंद पडला. बंद पडला की पाडला, ते देव जाणे. माइकवाचूनही तिचा आवाज बराच वेळ चालू राहिला, पण सभागृहातला गोंधळ त्याच्या वर गेला. औषधांचा दुकानदार उभा राहून हातवारे करत होता. कुणीतरी ओरडलं, “बिल्डरने किती दिले?” बिल्डरच्या माणसाने कपाळाला हात लावला होता. आपल्या बाजूचं माणूस असं असेल तर विरोधक परवडले, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

धाकटी खाली येऊन बसली. कान तापले होते. नवरा स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

भाऊजी पुन्हा उठले. त्यांनी हात जोडले. “आमच्या धाकटीला मोठ्या मनाने माफ करा,” ते म्हणाले. “दिवसभर वाफेत उभी असते. डोकं तापतं.”

सभागृह हसलं. इतक्या वर्षांत धाकटीला एवढं लागलं नव्हतं. आपण एका दमात आपलीच बाजू मातीत घातली, हे तिला कळलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला दोष देऊन टळण्यासारखं नव्हतं.

“अजून कुणाला बोलायचंय?” नगराध्यक्षांनी आटोपतं घेत विचारलं.

पहिल्या रांगेतून एक हात वर गेला. बारीक, गोरा, मनगटावर घड्याळ असलेला. तो हात जाऊबाईंचा होता.

थोरल्या जाऊबाई म्हणजे भाऊजींची बायको. सभासमारंभात त्यांच्या शेजारी बसायच्या, सुगंधी असायच्या आणि बोलायच्या नाहीत. लाँड्रीत त्या कधीच येत नसत. कधी आल्याच तर गाडीतच बसून राहत, भाऊजी काम उरकेपर्यंत. धाकटीने त्यांना मनातल्या मनात ‘काचेतली बाहुली’ असं नाव देऊन टाकलं होतं, आणि मनातल्या मनातच नव्हे.

भाऊजींच्या चेहऱ्यावर कौतुक पसरलं. बायको आपल्या बाजूने बोलायला उठली, याहून गोड दृश्य कोणतं?

“मी डोंगरावर राहते,” जाऊबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की लोकांनी गप्प होऊन माना पुढे केल्या. “मला गाडी चालवता येत नाही. बस पायथ्याशी थांबते. घरातून समुद्र दिसतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दिसतो. समुद्र काही बोलत नाही.”

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

“आम्ही त्या हॉटेलात पहिल्यांदा भेटलो, हे सांगतात ते खरं आहे. झुंबरं मला आठवत नाहीत. मला थंडी वाजत होती आणि यांच्या अंगात कोट होता, तो यांनी काढून दिला नाही. तेवढं आठवतं.”

आता मात्र सगळं सभागृह हसलं. भाऊजींची मिशी हलली.

“पण बाहेर पडलो तेव्हा रस्त्यावर गर्दी होती. धक्के लागत होते. कुणीतरी माझ्या पायावर पाय दिला आणि माफी मागून माझ्या गावची चौकशी करत बसला. ते मला फार आठवतं. मला ती गर्दी हवीय. हॉटेल असो नसो.” त्या क्षणभर थांबल्या. “त्या नव्या इमारतीत घरं आहेत म्हणे. मी एक मागितलंय. खालच्या मजल्यावरचं, रस्त्याच्या बाजूचं. समुद्र नको.”

आणि त्या खाली बसल्या.

पुढच्या बैठकीत नगरपालिकेने इमारतीला मंजुरी दिली. गावातले जाणकार म्हणाले, सगळं आधीच ठरलेलं होतं, सुनावणी नुसती देखावा. असेलही. जाणकारांना सगळं नंतर आधीच माहीत असतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी भाऊजी लाँड्रीत येऊन उभे राहिले.

“तूच फूस लावलीस तिला.”

“मी?” धाकटीच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. “भाऊजी, ताईंशी मी सलग चार वाक्यं कधी बोललेय ते तुम्हीच सांगा. फूस लावायला आधी बोलावं लागतं माणसाशी.”

ते निघून गेले. पण तिचं वाक्य तिच्यातच रुतून बसलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्यात तिचा हातखंडा होता. एकाच घरात दिलेल्या दोघी बायका, आणि एक दिवसभर समुद्राकडे बघत बसते हे दुसरीला सभागृहात, परक्या माणसांबरोबर कळावं.

रविवारी ती बसने पायथ्याशी उतरली आणि गुडघ्यांना शिव्या देत वर चढली. जाऊबाईंनी दार उघडलं, क्षणभर ओळखलंच नाही. दिवाणखान्यात सोफ्यावर प्लॅस्टिकचं आवरण होतं, बसलं की कुरकुरायचं. खिडकी भिंतीएवढी होती. समुद्र खरोखरच काही बोलत नव्हता. भाऊजी समितीच्या माणसांकडे गेले होते, पुढच्या लढ्याची आखणी करायला.

“चहा टाकू?” जाऊबाईंनी विचारलं.

“टाका. ताई, मी तुम्हाला...”

“काचेतली बाहुली म्हणायचीस. माहितीये.”

“कुणी सांगितलं?”

“तुझ्या नवऱ्यानं. कधीच सांगितलंय.”

“तो? तो तर बोलतच नाही!”

“माझ्याशी बोलतो. फोनवर.” जाऊबाई हसल्या. “मीही तुला एक नाव ठेवलं होतं.”

“काय?”

“ते नाही सांगणार.”

धाकटीने खूप खोदून विचारलं. त्या शेवटपर्यंत बधल्या नाहीत. चहा मात्र चांगला होता.

हॉटेल पाडलं त्या दिवशी सगळा गाव लोटला. माणसं रडली, फोटो काढले आणि मग ढिगाऱ्यात शिरली. समितीच्या चिटणिसाने दाराची पितळी मूठ नेली, खजिनदाराने अख्खी खिडकी उचलली. वारसा असा घरोघर सुखरूप पोचला.

त्यानंतर मात्र जे सुरू झालं त्याची धाकटीनेही कल्पना केली नव्हती. धूळ. सकाळी धुतलेला पांढरा शर्ट दुपारपर्यंत राखाडी. गिऱ्हाईकं कपडे परत आणून तिच्या तोंडासमोर झटकायची. काम मध्येच थांबलं, चकचकीत बुटांचा माणूस गेला, दुसरा आला, त्याच्या बुटांना तर पॉलिशच नव्हतं. दोन पावसाळे नुसते लोखंडी गज उभे होते. औषधांचा दुकानदार रोज दारात येऊन विचारायचा, “काय मग, आलं का तुमचं भविष्य?” ती उत्तर देत नसे. रात्री नवऱ्याशीही ती कमी बोलायला लागली, तेव्हा तो बिचारा घाबरला. लाँड्री विकायची का, असं एकदा त्यानेच विचारलं. ती म्हणाली, “घेणार कोण? कबुतरंही गेली.”

शेवटी इमारत उभी राहिली. रंग असा पिवळा, जणू तिला कावीळ झाली होती. मॉडेलमधली झाडं होती त्याच्या निम्मीसुद्धा लावली नाहीत. उद्घाटनाला व्यासपीठावर ‘वारसा सल्लागार’ म्हणून कोण बसलं होतं? भाऊजी. त्यांच्या सल्ल्यावरून तळमजल्यावर जुन्या हॉटेलचा मोठा फोटो लावला होता. भाषणात त्यांनी सांगितलं की विकास आणि परंपरा यांचा असा संगम व्हावा हे त्यांचं पहिल्यापासूनचं स्वप्न होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. औषधांच्या दुकानदाराने सगळ्यात जास्त वाजवल्या. धाकटीला हसू आवरेना, तोंडात पदर कोंबून ती बाहेर आली.

जाऊबाई राहायला आल्या त्या एकट्या. भाऊजींनी जाहीर केलं होतं की तत्त्व म्हणून आपण त्या इमारतीत पाय ठेवणार नाही, सल्ल्यापुरता सोडून. डोंगरावर ते एकटे काही दिवस तत्त्वाने राहिले. भारदस्त आवाज होता, पण ऐकायला कुणी नव्हतं. मग एका सकाळी खांद्यावर पिशवी टाकून ते खाली आले आणि दोन दिवस रस्त्यावरच्या आवाजाने झोप लागत नाही म्हणून कुरकुरले. जाऊबाईंनी त्यांना कापसाचे बोळे दिले. त्या स्वतः सकाळी उठून चहावाल्याच्या बाकावर बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायच्या. चहावाला आता चहात दूध घालत होता.

तळघरातली अत्याधुनिक यंत्रं खरोखरच आली. हॉटेलची एक चादरही रस्ता ओलांडून आली नाही. वरच्या घरांतून मात्र माणसं येत होती, काय वाटेल ते घेऊन. एक जण पायमोज्यांना इस्त्री करून मागायचा. धाकटी त्याला रोज म्हणायची, “मोज्यांना? बुटात तुमची घडी कोण बघतंय?” आणि करून द्यायची.

एका शनिवारी संध्याकाळी ती शटर खाली ओढून कपडे पोचवायला गेली आणि परत आली तर दुकानाच्या शटरला लागून एक मोठी गाडी उभी. इतकी लागून की शटर वर करायला हात घालायलाही जागा नाही. आतून नवरा ठोठावत होता. धाकटीने गाडीच्या टपावर थाप मारली. गाडीवाला समोरच्या दुकानातून पिशव्या सावरत धावत आला.

“अक्कल आहे का?” ती कडाडली. “माणूस आत कोंडलाय! रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?”

“कुठे लावू मग, मावशी? सगळीकडे गाड्याच आहेत. तीन चकरा मारल्या.”

“दहा मारायच्या!”

“अहो, पण...”

“पण नाही आणि बिण नाही. काढ आधी!”

माणसं थांबली. पाच, सात, दहा. कुणी गाडीवाल्याची बाजू घेतली, कुणी तिची. जाऊबाई चहाच्या बाकावरून पेला घेऊन उठल्या आणि पुढे येऊन गर्दीत उभ्या राहिल्या, नीट ऐकू यावं म्हणून. कुणाचातरी धक्का लागून त्यांचा चहा सांडला. गाडीवाला बिचारा माफी मागत गाडी मागे घेऊ लागला, तर मागे दुसरी गाडी येऊन उभी राहिलेली. धाकटी तिच्याकडे वळली. घसा बसत आला होता, पण तिचं अजून बरंच बोलायचं बाकी होतं.